जुन्या मोटारींचं म्युझियम: बाबांना नागपूरहून कुठं नेऊ?

सदरची_मुलगी: बाबांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, गुडघ्यांपायी बंद करावं लागलं. त्यांना एकदा हॅन्डल मारून सुरू व्हायच्या तशा पहिल्या काळच्या मोटारी न् फटफट्या दाखवायच्या आहेत. दोघंच जाऊ, बजेट सगळं मिळून 12 हजार.

मानेवाडा_भाऊ: अहमदाबादजवळ कठवाड्याला जा. प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह, शंभरावर गाड्या, डोळे फिरतात. आम्ही विमानानं गेलो, तीन रात्री मस्त हॉटेलात राह्यलो. तुम्हीही विमानच करा, गुडघ्यांना बरं.

खामला७७: 12 हजारात विमान न् हॉटेल कसं बसन बाप्पा? अहमदाबादची प्रेरणा एक्स्प्रेस नागपूरहूनच सुटते, तिनं जा. आम्ही गुरुग्रामच्या पुढं तावडूला गेलो होतो, हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम. सोमवारी बंद असते हे कोणी सांगतलं नाही, टॅक्सीचे पैसे पाण्यात. अजून राग येते.

जुना_मिस्त्री: कोइम्बतूरला जीडी कार म्युझियम आहे, जी. डी. नायडूंच्या ट्रस्टचं. त्या माणसानं 1920 मध्ये एक बस घेऊन स्वतः चालवली न् तिथून धंदा उभा केला. कुठंही जा, फोर्डची मॉडेल टी दिसली तर बाबांना पेडल दाखवा: तीन असतात, मधलं रिव्हर्सचं, न् ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखाली दांडी असते.

धंतोली_राजा: कोइम्बतूर लई लांब, म्हाताऱ्या माणसाला कशाला? कठवाडाच. न् हॅन्डलचं म्हणाल तर 1912 मध्ये कॅडिलॅकला इलेक्ट्रिक स्टार्टर आला न् ते संपलं.

जुना_मिस्त्री: संपलं कुठं भाऊ? ॲम्बेसेडरलाही हॅन्डल होतं. माझ्या काकाचं मनगट मोडलं, अंगठा दांड्याला वेटाळून धरला होता न् इंजिन उलटं मारलं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवाचा असते.

मानेवाडा_भाऊ: अहमदाबादच. आधी सांगतलं मी.

रविनगर_ताई: कुठंही जा, आधी फोन करून व्हीलचेअर मिळते का विचारा. न् तिकीट काढताना सीनियर सिटिझन कोट्यातून खालचा बर्थ मागा, आईच्या वेळी त्यानंच निभावलं.

सदरची_मुलगी: सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बाबांना वाचून दाखवला. कठवाड्यापर्यंत नुसतं हं हं करत होते, नायडूंची बस आली तशी मला थांबवलं, तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, या नायडू मिस्त्रीच्या घरी जाऊ. कोइम्बतूरसाठी केरळ एक्स्प्रेसचे थर्ड एसीचे खालचे दोन बर्थ मिळाले, दिवसाच्या वरचा प्रवास आहे, करू. गॅरेजातली जुनी बॅटरी शोधून तिचे सेल बदलून आणलेत त्यांनी, बॉनेट उघडं असलं तर आत कार्ब्युरेटर नीट दिसावा म्हणून.