'हुलिगन'ला मराठीत काय म्हणाल? 'हुल्लडबाज' पुरत नाही

प्रश्न (पुणे)

इंग्लंडच्या फुटबॉलवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'हुलिगन' पानोपानी आहे, एकूण चौदा ठिकाणी. पहिल्या तीन ठिकाणी 'हुल्लडबाज' लिहिलं आणि अडले. आमच्याकडे हुल्लडबाज म्हणजे पावसाळ्यात धबधब्याखाली शर्ट काढून नाचणारे. लेखातल्या लोकांनी मात्र २९ मे १९८५ला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या प्रेक्षकांवर चाल केली, मागे रेटली गेलेली गर्दी भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. याला हुल्लड कशी म्हणू? 'दंगेखोर' म्हटलं की वाचकाला जातीय दंगल आठवते. 'गुंड' म्हटलं की हप्ते गोळा करणारा दिसतो.

शिवाय शीर्षक. इंग्लिश चाहत्यांचं हे नाव अजून पुसलं गेलेलं नाही, असा त्याचा भाव आहे. 'ख्याती' चालणार नाही, 'कुप्रसिद्धी' कोरडं वाटतं.

कोल्हापूर

हुल्लडबाजीला पोरकट म्हणू नका, ताई! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला दोन तालमींच्या संघांचे पाठीराखे भिडले, दगड-बाटल्या फिरल्या, की दुसऱ्या दिवशी पेपरात 'हुल्लडबाजी'च छापून येतं. आणि वाचणाऱ्याला बरोबर कळतं काय झालं ते.

'राडा'पण आहे की. आमच्याकडं राडा म्हणजे आधी चिखल, मग भांडण. मुंबईवाल्यांनी चिखल काढून टाकला.

दादर (निवृत्त उपसंपादक)

कोल्हापूरकरांचं खरं आहे, पण तिथे संदर्भ आधीच माहीत असतो. पुण्याच्या वाचकाला तो नाही.

शब्दाचं मूळ बघा, म्हणजे गोची कळेल. १८९८च्या उन्हाळ्यात लंडनच्या पोलीस कोर्टांच्या बातम्यांतून 'हुलिगन' अचानक दिसू लागतो. फुटबॉलशी तेव्हा काही संबंध नव्हता, दक्षिण लंडनमधल्या टवाळ पोरांच्या टोळ्यांना तो लावला जाई. आयरिश आडनावावरून आला असं बहुतेक मानतात, ठाम पुरावा नाही. फुटबॉलला तो पक्का चिकटला १९६०च्या दशकात. पुढे रशियनांनी उचलला आणि थेट फौजदारी कायद्यात घातला. २०१२मध्ये मॉस्कोच्या चर्चमध्ये गाणं म्हणणाऱ्या मुलींना शिक्षा झाली ती 'हुलिगनपणा'च्या कलमाखाली. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडमध्ये त्या नावाचा गुन्हा नाही. तिथे आरोप असतात मारामारीचे, हिंसक गोंधळाचे, आणि १९९१च्या कायद्यानुसार मैदानात घुसण्याचे किंवा वस्तू फेकण्याचे. म्हणजे 'हुलिगन' हे मुळात वर्तमानपत्राने ठेवलेलं नाव आहे. प्रतिशब्दही तसाच हवा, कायद्याच्या पुस्तकातला नको.

एक धोक्याची सूचना. इंग्रजी पेपर याच लोकांना 'थग' म्हणतात. तो आपलाच 'ठग', एकोणिसाव्या शतकात इकडून गेलेला. पण तिकडे त्याच्या हाती दंडुका आला, इथे तो गोड बोलून गंडवणाराच राहिला. 'फुटबॉल ठग' लिहिलंत तर वाचकाला वाटेल तिकिटं काळ्या बाजारात विकणारा.

अवांतर: फुटबॉलवाल्या या टोळ्या स्वतःला 'फर्म' म्हणवत. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबवाल्यांची 'इंटर सिटी फर्म', कारण पोलिसांची नजर असलेल्या खास फुटबॉल गाड्या टाळून ते साध्या इंटरसिटी गाड्यांनी जात. मार खाल्लेल्याच्या अंगावर छापील कार्ड टाकत: अभिनंदन, तुमची आमच्याशी भेट झाली. लंडनच्या गुन्हेगारी बोलीत 'फर्म' म्हणजे टोळी. आपल्याला भाषांतराचे कष्टच नाहीत, मुंबईत टोळीला 'कंपनी'च म्हणायचे.

पुणे

'कंपनी' घेतलीच समजा! मग या कंपनीतल्या माणसांना 'टोळभैरव' कसं वाटतं? मला फार आवडतो.

दादर

शब्द झकास, माणूस चुकीचा. टोळभैरव रिकामटेकडा असतो. हे लोक आठवडाभर नोकरी करून शनिवारी महागडे इटालियन कपडे चढवून निघत. क्लबचे रंग अंगावर नसायचे, म्हणजे पोलीस हटकत नसत.

लिव्हरपूल (मूळची सांगलीची)

ताई, मी या शहरात राहते म्हणून थोडं तिखट लिहिते, रागावू नका. शब्द कुठलाही घ्या, पण चौदाच्या चौदा ठिकाणी तोच टाकू नका. कुणाविषयी आहे ते दर वेळी बघा.

हेझेलला दोषी आमच्याच क्लबचे पाठीराखे होते. चौदा जणांना बेल्जियमच्या कोर्टाने शिक्षा दिली, इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपच्या स्पर्धांबाहेर राहिले, लिव्हरपूल सहा. तिथे कडक शब्द वापरा. पण चारच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत जे झालं ते? उभं राहून बघायच्या जागेला जाळ्यांचं कुंपण होतं, कारण प्रेक्षक म्हणजे हुलिगन हे गृहीतच धरलेलं. पोलिसांनीच दार उघडून लोंढा आधीच भरलेल्या कोंडवाड्यात जाऊ दिला आणि नंतर सांगितलं, दार चाहत्यांनी तोडलं. 'द सन' या पेपरने चाहत्यांवरचे आणखी खोटे आरोप 'सत्य' असा मथळा देऊन छापले. सगळं खरं मानलं गेलं, कारण ऐकणाऱ्याच्या मनात शब्द तयार होता. ज्युरीने चाहत्यांना निर्दोष ठरवायला २०१६ उजाडलं. मृतांचा आकडा आता ९७ आहे. इथे अजून कित्येक दुकानांत तो पेपर मिळत नाही.

२०२२मध्ये पॅरिसला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती. दारात तास-तास अडकलेल्या लोकांवर अश्रुधूर सोडला, आणि फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी खोट्या तिकिटांवर आलेल्या हजारो इंग्लिश लोकांवर खापर फोडलं. पुढे यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनेच, नेमलेल्या चौकशीत मुख्य जबाबदारी यूएफाची निघाली.

उलट बाजूही सांगते. ११ जुलै २०२१ला लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो चषकाची अंतिम लढत होती, तेव्हा बिनतिकिटाचे सुमारे दोन हजार लोक रेटून आत घुसले. त्यात 'कंपनी' वगैरे काही नव्हती. दारू, कोकेन आणि गर्दी. तिथे तुमचा 'हुल्लडबाज' अगदी चपखल.

पुणे

रागावत कसली, लेख वाचवलात. आत्ता परत पाहिलं तर दोन ठिकाणी मूळ लेखकानेच हिल्सबरोच्या गर्दीला तो शब्द लावलाय, जुन्या बातमीचा हवाला म्हणून. तिथे अवतरणचिन्हं देते.

तर असं ठरवतेय: कंपनीतल्या माणसांसाठी देवनागरीत 'हुलिगन'च, पहिल्यांदा एका वाक्यात समजावून. वेम्बलीसाठी 'हुल्लडबाज'. हिल्सबरो, पॅरिस इथे साधे 'प्रेक्षक'. आणि शीर्षकात 'ठपका'?

दादर

ठपका एका कृत्याचा असतो, चौकशी झाली की जातो. तुम्हाला 'शिक्का' हवा. चौकशीनंतरही राहतो तो.

कोल्हापूर

माझी आजी अशा पोरांना 'बद्दू' म्हणायची. एकदा बद्दू झालं की पुढं गल्लीत कुणाच्या घराची काच फुटली तरी पहिली हाक त्यालाच.

पुणे

'बद्दू झालेले पाठीराखे'. संपादक कापतील, पण पाठवून बघते.