मामाजींनी प्रार्थनेला जाणे सोडले: हा स्वभावातला बदल की कानाचा दोष?

प्रश्न (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा):
माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, 66 वर्षांचे असून त्यांनी 28 हंगाम जिनिंगमध्ये रेच्यांजवळ (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ) काम केले आहे. मागच्या वर्षी कापूस विकताना व्यापाऱ्याने ‘सात हजार साठ’ असा भाव सांगितला, तो त्यांनी ‘सात हजार आठ’ असा ऐकला आणि भाव पाडल्याचा आरोप करून ते चारचौघांत भांडले. लोक हसले. तेव्हापासून ते बाजारात जात नाहीत, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या ज्या सायंप्रार्थनेला त्यांनी कधी खाडा केला नव्हता, तिथेही जाणे त्यांनी सोडले आहे. घरात हळू बोललो तर आपल्याविषयीच बोलणे चालले आहे असे त्यांना वाटते. मोठ्याने बोललो तर ‘ओरडता कशाला?’ म्हणून चिडतात. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर 1 (श्रवणतज्ज्ञ, अमरावती):
ताई, ‘साठ’चे ‘आठ’ झाले यातच बरेचसे उत्तर आहे. रेच्यांच्या वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने आतल्या कानातील केसपेशी (आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी) मरतात आणि आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’चा आवाज उंच पट्ट्यातला, तर ‘आ’सारखे स्वर खालच्या पट्ट्यातले, त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही, आणि घरच्यांना वाटते की हे सोयीपुरते बहिरे होतात. अशा कानाला हळू आवाज पोहोचत नाही, मोठा मात्र एकदम बोचतो. म्हणून ‘ओरडता कशाला’ ही त्यांची तक्रार खरी आहे. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोलावे. आधी कानात मळ नाही ना हे पाहून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्यावी.

उत्तर 2 (निवृत्त शिक्षक, दारव्हा):
मी स्वतः 9 वर्षांपासून कानाची मशीन लावतो. न ऐकू येण्यापेक्षा मला जास्त लागले ते ‘काही नाही’ हे उत्तर. जेवताना सगळे हसले, मी काय झाले म्हणून विचारले, तर सून म्हणाली, ‘काही नाही, आबाजी.’ ती उद्धट मुळीच नव्हती, तिला फक्त पुन्हा सांगण्याचा कंटाळा आला होता. पण तसे रोज घडू लागल्यावर मी विचारणेच सोडले आणि इतर हसले की नुसता हसू लागलो. अर्धे शब्द अंदाजाने जुळवत ऐकावे लागत असल्यामुळे लग्नघरातून परतल्यावर नांगरणी केल्यासारखा थकवा येत असे. मामाजींना प्रार्थना तर पाठच असणार. माझ्या मते त्यांना भीती असेल ती नंतरच्या गप्पांची. मंडळातल्या एखाद्या जुन्या सोबत्याला त्यांच्याजवळ बसायला सांगावे.

उत्तर 3 (वणी):
यात्रेतून मशीन घेऊ नका. आमच्या वडिलांसाठी आणली होती, ती सगळाच कालवा मोठा करीत असे आणि आठवड्यात पेटीत गेली. पुढे तपासणीनुसार बसवलेल्या मशीनचीही सवय व्हायला त्यांना दोन महिने लागले.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची आभारी आहे. ‘काही नाही’ हे आमच्याही घरात रोजचेच आहे. एक विचारायचे राहिले: माझे पतीही 6 हंगामांपासून त्याच जिनिंगमध्ये आहेत. त्यांचीही तपासणी करावी का?

श्रवणतज्ज्ञ:
अवश्य, आणि मामाजींबरोबरच करावी. 85 डेसिबल इतक्या मोठ्या आवाजात रोज 8 तास काम असेल तर कानाला धोका असतोच. मेलेल्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. म्हणून त्यांनी या हंगामापासूनच कानात इअरप्लग घालावेत.