मदत हवी आहे: वाद झाला की तो गप्पच होतो

अर्धविराम:
मी २६, तो २८. दोन वर्षांचं नातं. मी पुण्यात, तो बंगळुरूला. वाद झाला की "ठीक आहे" एवढंच येतं, मग दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. जितकं खोदून विचारावं तितका तो मिटत जातो. "त्याला वेळ दे" असं सगळे सांगतात. किती, ते कोणी सांगत नाही.

ताकभात:
किमान २० मिनिटं, आणि त्याच दिवशी परत. भांडणात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरचं बोलणं कानावर पडतं, डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी वाद घालणाऱ्या जोडप्यांची नाडी मोजून याचा अभ्यास केला. वरून दगड दिसणारा माणूस आतून धडधडत असू शकतो.

थांबणाऱ्याने परतीची वेळ सांगायची: "आत्ता सुचत नाहीये, साडेनऊला फोन करतो." साडेनऊला फोन त्यानेच करायचा. तो चुकवला की पुढच्या वेळी "थांबूया" ही पळवाट वाटते. मधल्या वेळात जुनं चॅट वाचत बसलात तर नाडी उतरतच नाही. बहुतेकांचं इथेच फसतं. चालून या, भांडी घासा. आणि हे सगळं भांडण नसताना ठरवा, रात्री साडेबाराला नको.

खमंग_काकडी:
+१. पण "बोल ना, काय झालं" चे सात मेसेज ही त्याच्या लेखी उलटतपासणी असते. एकच पाठवा: "शनिवारी फोन करतो म्हणालास, आला नाही. मी हिरमुसले. उद्या दहा मिनिटं बोलूया?" आधी घटना, मग भावना, मग मागणी. "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" यात भावना कुठेच नाही, तो आरोप झाला.

त्याला शब्दच सापडत नसतील, हेही धरून चला. बऱ्याच मुलांकडे 'राग' आणि 'काही नाही' असे दोनच खण असतात. मराठीत खट्टू होणं, ओशाळणं, धास्ती, घुसमट, घालमेल एवढं पडलंय! पर्याय द्या: "राग आलाय, अपमान वाटला, की नुसता थकलायस?" निवडायला सोपं जातं. आणि हे फोनवर. व्हॉट्सॲपवर 'ठीक आहे' चे दहा अर्थ निघतात.

चिमूटभर_हिंग:
एक तपासा. तुम्ही माफी मागेपर्यंत ठरवून अबोला, मैत्रिणींना भेटण्यावर बंधनं, तुम्हाला तोंड उघडायची भीती, असं असेल तर प्रकरण वेगळं आहे; वरचे उपाय तिथे लावू नका. दोघांपैकी कुणाचीही झोप-भूक दोन आठवडे उडाली असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं.

अर्धविराम:
नाही, तसं नाही. दोन दिवसांनी तो स्वतःहून मीम पाठवतो. विषय मात्र परत निघत नाही.

ताकभात:
मीम म्हणजे त्याच्या परीने समेट. आधी हसा, मग त्याच दिवशीची वेळ ठरवा. १५ मिनिटं, एकच विषय, त्या वादाच्या आधीचं काही उकरायचं नाही.