स्टार ट्रेकची मूळ मालिका ब्लू-रेवर : जुनं अंतराळ की नवं?

वक्री शनी (धागाकर्ता)

'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या कथेची मूळ मालिका (अमेरिकेतली एनबीसी वाहिनी, १९६६ ते १९६९, तीन सीझन, ७९ भाग) ब्लू-रेवर पुन्हा बघून संपवली आणि आता कोणाशी तरी भांडल्याशिवाय चैन पडणार नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ मध्ये हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने मालिकेच्या ३५ मिमी निगेटिव्हवरून सगळं नव्याने हाय डेफिनिशनमध्ये आणलं. तिथेच थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्याच झटक्यात यान, ग्रह, फेझरचा (किरण सोडणाऱ्या हत्याराचा) मारा अशी बहुतेक दृश्यं काढून टाकली आणि तिथे संगणकावर केलेली नवी बसवली. २००७च्या अखेरीला पहिला सीझन एचडी डीव्हीडीवर (ब्लू-रेची तेव्हाची प्रतिस्पर्धी डिस्क) आला तो फक्त नव्या दृश्यांचा. जुनी हवी असतील तर बसा बोंबलत. पुढच्या वर्षी एचडी डीव्हीडी हा प्रकारच गुंडाळला गेला, आणि २००९ मध्ये तिन्ही सीझन ब्लू-रेवर आले तेव्हा कुठे दोन्ही आवृत्त्या एकाच डिस्कवर मिळाल्या. भाग चालू असताना रिमोटवरचं अँगलचं बटण दाबलं की नवं एंटरप्राइझ (मालिकेतलं मुख्य यान) जातं, जुनं येतं.

माझ्या मते जुनी दृश्यं हीच मालिका. नवी ही पुरवणी, हौस म्हणून बघावी. आणि जिथे ते बटण नाही तिथे जे दाखवतात ती १९६६ची मालिका नव्हे.

यान बदललं ते एक वेळ समजू शकतो. पण 'अरीना' या भागात कॅप्टन कर्कशी झुंजणारा परग्रहवासी गॉर्न आठवतोय ना? सरड्याच्या तोंडाचा रबरी मुखवटा. नव्या आवृत्तीत तो पापण्या मिचकावतो! अहो, कोणी मागितल्या होत्या पापण्या?

उडता गालिचा

पूर्ण असहमत.

जुन्या दृश्यांवर तुमचा जीव आहे तो आठवणींमुळे. डोळ्यांनी बघा जरा. यानाच्या कडेला काळी रेघ थरथरते, ताऱ्यांवर धूळ आहे, आणि तेच ते चार-पाच शॉट आलटून पालटून येतात. ग्रहाभोवतीची चक्कर तीच, फक्त ग्रह कधी तांबडा तर कधी हिरवा. एंटरप्राइझचं मोठं मॉडेल सव्वाअकरा फुटांचं, आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या अंगाने दिव्यांच्या वायरी बाहेर काढलेल्या होत्या, त्यामुळे चित्रीकरण उजव्याच अंगाने करावं लागे. बिचारं यान तीन सीझन एकाच कुशीवर.

ही काय कलात्मक निवड होती? पैसा आणि वेळ नव्हता, एवढंच.

'द डूम्सडे मशीन' या भागातलं कॉन्स्टेलेशन हे मोडकं यान घ्या. ते एएमटी कंपनीचं प्लास्टिकचं किट होतं, कोणालाही विकत मिळणारं. यानाचा नंबरसुद्धा किटमधले १७०१चे (हा एंटरप्राइझचा नंबर) आकडे उलटसुलट चिकटवून केलेला: १०१७. नव्या आवृत्तीत त्याच यानाचं पत्र्यापत्र्यानिशी फाटलेलं धूड दिसतं. आणि नंबर मात्र १०१७च ठेवलाय. याला आदर म्हणायचं नाही तर कशाला? काम करणारी माणसंही उपरी नव्हती. मायकल आणि डेनिस ओकुडा, डेव्हिड रॉसी, सगळे ट्रेकमध्येच मुरलेले. कॅमेऱ्याच्या हालचालीही त्यांनी बऱ्यापैकी जुन्या वळणाच्या ठेवल्या.

गॉर्नच्या पापण्यांचं मात्र मी समर्थन करणार नाही. ते अति झालं.

चष्मिष्ट

हाय डेफिनिशनने माझा भ्रमनिरास भलत्याच ठिकाणी केला. 'स्पेस सीड' या भागाच्या शेवटी कर्क आणि खलनायक खान मारामारी करतात असा माझा समज होता. आता स्वच्छ दिसतं की तिथे दोन वेगळेच गृहस्थ मारामारी करतायत आणि कर्क-खान मधूनमधून डोकावून जातायत.

त्या गृहस्थांचे चेहरे नाही बदलले संगणकावर. मग यानाशीच काय वैर?

वक्री शनी

चष्मिष्ट, मला हेच म्हणायचं होतं आणि इतकं थोडक्यात जमलं नाही. थर्माकोलचे दगड चालतात, स्पॉकच्या नकली टोकदार कानांची कड दिसते ती चालते, डमी चालतात. फक्त मॉडेलवाल्यांचं काम 'सुधारायचं'. नटाच्या ओव्हरअ‍ॅक्टिंगला हात लावायची कोणाची हिंमत नाही, कारण त्याचे चाहते आहेत.

रीळवाला

थोडं तांत्रिक लिहितो, कारण वाद जिथे चालू आहे तिथे खरी मेख नाही.

त्या काळी यानाचा शॉट म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या फिल्म: निळ्या पडद्यापुढचं मॉडेल, तारे, ग्रह, किरण. ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर त्या एकामागून एक पुन्हा फिल्मवर छापायच्या. प्रत्येक छपाईत एक पिढी वाढते. ग्रेन (फिल्मवरचे बारीक ठिपके) जाड होतो, कडा बोथट होतात, धूळ बसते ती कायमची बसते. म्हणजे ब्रिजवर, यानाच्या नियंत्रणकक्षात, बसलेला स्पॉक थेट कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून येतो आणि लगेच पुढचा यानाचा शॉट दोन-तीन पिढ्या खालचा.

१९६६च्या टीव्हीवर हा फरक कळायचा नाही. अमेरिकेचं प्रसारण ५२५ रेषांचं, त्यात अँटेनाची मेहेरबानी. स्पॉकही धूसर, यानही धूसर, जोड झाकलेला. ब्लू-रेने स्पॉक लख्ख केला, यान तिथेच राहिलं आणि जोड उघडा पडला. तेव्हा गालिचा म्हणतात ते दोष खरे आहेत, पण ते असे उघड्यावर आणले ते हाय डेफिनिशनने. आधी भिंग द्यायचं आणि मग भिंगात दिसलं म्हणून पुसून टाकायचं, असा तो प्रकार.

आणि 'पैसा नव्हता' म्हणून काम टाकाऊ ठरवणाऱ्यांसाठी: या मालिकेच्या ऑप्टिकल कामात लिनवुड डन होते, १९३३च्या 'किंग काँग'वर काम केलेले, ज्यांच्या नावाने ऑप्टिकल प्रिंटर ओळखला जातो ते. १९६७ मध्ये या कामाला एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं. दर आठवड्याला एक भाग हातावेगळा करायच्या घाईत टीव्हीसाठी हे करणं सोपं नव्हतं.

मृगजळ

रीळवाला यांचा प्रतिसाद आवडला, पण निष्कर्ष उलटा निघतो असं वाटतं.

तुम्हीच म्हणताय की १९६६ मध्ये कोणाला इतकं स्वच्छ दिसलंच नव्हतं. कित्येक घरांत तर टीव्ही कृष्णधवल होता. मग धागाकर्ते कुठल्या 'मूळ' मालिकेची शपथ घेतायत? ब्लू-रेवर जुनी दृश्यं लावून बघितलं तरी ते १९६६ मध्ये कोणीही न पाहिलेलं चित्रच असतं. रंगांचंही तेच. कॅप्टनचा सदरा प्रत्यक्षात हिरवट होता, दिव्यांखाली फिल्मवर सोनेरी उतरला, आणि आख्ख्या जगाने तो सोनेरीच मानला. उद्या कोणी 'खरा रंग' म्हणून हिरवा केला तर तुम्ही काय म्हणाल? मूळ की बिघडवलेलं?

मूळ अशी वस्तूच उरलेली नाही. मग जे आज डोळ्यांना गोड लागतं ते बघावं.

रीळवाला

घरी कोणी पाहिलं नव्हतं, हे मान्य. पण ज्यांनी केलं त्यांनी पाहिलं होतं. चित्रीकरण झालेली रिळं स्टुडिओत ३५ मिमीवर पडद्यावर बघितली जायची. त्यांनी काय मंजूर केलं आणि कशावर नाइलाजाने शिक्का मारला, हे त्या फिल्ममध्ये आहे. टीव्ही ही फक्त वाट होती. ब्लू-रे त्या फिल्मच्या जास्त जवळ जाते, म्हणून ती मूळच्या जास्त जवळ.

सदऱ्याबद्दल: फिल्मवर सोनेरी आहे, तर सोनेरी. कपाटात टांगलेला कपडा म्हणजे मालिका नव्हे.

उडता गालिचा

'नाइलाजाने शिक्का मारला' असं तुम्हीच लिहिलंत. मग तो नाइलाज आपण साठ वर्षांनी का जपायचा?

वक्री शनी

कारण नाइलाजातून काय काढलं तीच तर कारागिरी.

अल्बर्ट व्हिटलॉकचं उदाहरण घ्या. मालिकेतल्या परक्या ग्रहांवरच्या वसाहती म्हणजे त्याची काचेवरची चित्रं. पुढे याच माणसाच्या कामाला ऑस्कर मिळाले. नव्या आवृत्तीत त्यातल्या काही चित्रांवर हात फिरवलाय, काही सरळ बदललीत, एखाद्या ठिकाणी मागे माणसं चालताना घातलीत. त्या चित्रात कसला दोष होता? ना धूळ, ना काळी रेघ. फक्त चित्र होतं हा दोष. स्वच्छ करणं आणि बदलणं यातली सीमा 'जुनं दिसतं' एवढ्या कारणाने ओलांडली गेली, आणि एकदा ओलांडल्यावर गॉर्नच्या पापण्यांपर्यंत थांबायला कोणी उरलं नाही.

दुसरा रस्ता होता, आणि तो याच घराण्यात सापडतो. 'द नेक्स्ट जनरेशन' ही ट्रेकची पुढची मालिका (१९८७ ते १९९४) चित्रित झाली फिल्मवर, पण संकलन आणि इफेक्ट्स झाले व्हिडिओ टेपवर. त्यामुळे टेपच्या वरचा दर्जा असा तयार नव्हताच. २०१२ ते २०१४ मध्ये ती ब्लू-रेवर आणताना फिल्मचे डबे उघडून प्रत्येक भाग शॉटगणिक पुन्हा जोडला, आणि मॉडेलचे मूळ तुकडे स्कॅन करून नव्याने एकत्र केले. जे फक्त टेपवर जन्मलं होतं तेवढंच, फेझरबिझर, नवीन केलं. तिथे दिसणारं एंटरप्राइझ हे खरं मॉडेल आहे, आणि काय देखणं आहे! डोळ्यांचं पारणं फिटतं.

रीळवाला

उदाहरण उत्तम, पण साठच्या दशकातल्या मालिकेला लागू होत नाही. तिथे प्रिंटरवर तयार झालेला शॉटच निगेटिव्हमध्ये जोडलेला असतो. सुटे तुकडे सगळ्या भागांचे पद्धतशीर जपलेले असते तर तसं करता आलं असतं. २०१६ मध्ये 'द रॉडनबेरी व्हॉल्ट' या संचातून संकलनात कापलेले बरेच तुकडे बाहेर आले, पण ७९ भाग त्यावर उभे राहत नाहीत.

अवांतर: 'नेक्स्ट जनरेशन'वर एवढे कष्ट घेतले आणि त्याच पद्धतीने झालेल्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या ट्रेकच्या नंतरच्या मालिका मात्र तशाच पडून आहेत. तिथे तर पुढच्या सीझनमधली अंतराळयानं संगणकावर टीव्हीच्या दर्जाचीच केलेली, म्हणजे फिल्म शोधूनही उपयोग नाही. नव्याने करा नाहीतर धूसर बघा.

मृगजळ

म्हणजे तिथे नवं केलेलं तुम्हाला चालेल?

रीळवाला

तिथे दुसरा पर्यायच नाही. इथे आहे, आणि तो डिस्कवर शेजारीच पडलाय.

चष्मिष्ट

चित्रावर इतका कीस पाडताय, आवाजाचं काय? २००६च्या आवृत्तीसाठी शीर्षकसंगीत नव्याने ध्वनिमुद्रित केलं, एलिन कार्लसन यांच्या आवाजात. गायल्यात सुरेख. पण लूली जीन नॉर्मन यांच्या त्या जुन्या आलापात जी हुरहुर आहे ती सात चॅनेलांत वाटून पातळ होते. मूळ मोनो ट्रॅक ब्लू-रेवर आहे, तोच लावा.

नवखी

मी मालिका पहिल्यांदाच बघणार आहे. एक बाळबोध शंका: दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या घालवता येत नाहीत का?

रीळवाला

येतात, पण घालवू नका. चौकट ४:३ साठीच रचलेली आहे. रुंद करायची तर वरचं-खालचं कापावं लागेल, डोकी आणि हनुवट्या जातील. 'बॅबिलॉन ५' या दुसऱ्या अंतराळमालिकेचं बघा: नट रुंद चौकटीचा विचार करून टिपलेले, संगणकाची दृश्यं मात्र ४:३ची. डीव्हीडीवर रुंद करताना ती दृश्यं कापून ताणली गेली आणि पार चिखल झाला. २०२३ मध्ये ब्लू-रे निघाली ती निमूट ४:३ मध्ये.

नवखी

धन्यवाद. आणि पहिल्यांदा बघणाऱ्याने जुनी दृश्यं लावावी की नवी?

उडता गालिचा

नवी. आधी गोष्टीत शिरा. कडेची काळी रेघ बघून हसायला आलं तर 'बॅलन्स ऑफ टेरर'सारखा पाणबुडीयुद्धाच्या तोडीचा भाग हातचा जाईल. पुरातत्त्व नंतर करता येतं.

वक्री शनी

जुनी. नवी आधी बघितलीत तर जुनी 'कच्ची' वाटणार, कारण तुलना नव्याशी होणार. जुनी आधी बघितलीत तर डोळा दहा मिनिटांत सरावतो. गालिचा यांना काळी रेघ खुपते ती त्यांनी दुसरं काही पाहिलंय म्हणून. आणि पुढे डिस्क सोडून स्ट्रीमिंगवर गेलात की हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारणारच नाही, तिथे समोर नवी आवृत्ती येते आणि अँगलचं बटण नसतं. माझं भांडण खरं तर गालिच्यांशी नाही, त्याच्याशी आहे.

उडता गालिचा

त्या एका मुद्द्यावर मीही तुमच्या बाजूने. दोन्ही असलंच पाहिजे. पण मी माझं बटण नव्यावरच ठेवणार.

चष्मिष्ट

नवखी, 'डूम्सडे मशीन' लावा आणि दर पाच मिनिटांनी बटण दाबत बसा. प्लास्टिकचं किट असो की संगणकाचं धूड, कमोडोर डेकरच्या भूमिकेत विल्यम विंडम बोलायला लागला की बाहेर कुठलं यान फिरतंय तिकडे लक्षही जाणार नाही.

वक्री शनी

लक्ष जाणार नसेल तर बदललं कशाला?

उडता गालिचा

आले परत मूळ पदावर.