हुकलेल्या फोटोने काय शिकवलं? गोव्यातल्या हौशी छायाचित्रकारांनो, अनुभव लिहा

सांजवेळ

मी फोंड्याला राहते, शाळेत शिकवते. कॅमेरा कपाटातून निघतो तो रविवारी, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. शिकायला व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण ते पाहून माझे फोटो फारसे बदलले नाहीत. बदलले ते एखादा फोटो हुकला आणि त्यामागचं कारण सापडलं तेव्हा. म्हणून हा धागा. गोव्यात काढलेला तुमचा एक हुकलेला फोटो सांगा. का हुकला आणि पुढच्या खेपेला नेमकं काय केलंत, तेही लिहा. नुसतं "सराव करा" नको.

माझा फोटो मंगेशीच्या दीपस्तंभाचा. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १८ मिमीवर, म्हणजे सगळ्यात रुंद कोनावर ठेवून जवळ उभी राहायचे आणि कॅमेरा वर करायचे. सातही मजले फ्रेममध्ये यायचे, पण स्तंभ मागे कलल्यासारखा दिसायचा आणि शेजारचं देऊळही तसंच. कितीतरी दिवस मी लेन्सला दोष देत होते. खरं कारण असं, की कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. आता मी अंगणात जमेल तेवढी मागे जाते आणि कॅमेरा अगदी सरळ धरते. स्तंभ ताठ येतो, पण खालचा अर्धा फोटो रिकाम्या अंगणाचा होतो. सुरुवातीला तो भाग मी कापून टाकत असे. एकदा पाऊस नुकताच थांबला होता, अंगण ओलं होतं आणि त्यात स्तंभाचं प्रतिबिंब पडलं होतं. एक आजी फुलांची पुडी सांभाळत त्यातून चालत गेल्या. तेव्हापासून मी अंगण कापत नाही. तिथे कुणी येईपर्यंत थांबते.

चिरेबंदी

ताई, विषय आवडला. मी पणजीचा. आमच्या इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या चर्चचे फोटो मी दोन वर्षं काढत होतो आणि पांढरंशुभ्र चर्च दर वेळी राखाडी यायचं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून हिशेब करतो. फ्रेमभर पांढरी भिंत आणि पांढऱ्या पायऱ्या असल्या की त्याला उजेड फार वाटतो आणि तो फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय, +१ केलं आणि चर्च पांढरं झालं. एवढंच. मात्र दुपारच्या उन्हात +१ने भिंतीचा पोत उडतो, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहायची सवय लावा. आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर थोडं मागे या.

दिवाळीत नरकासुराचे पुतळे उभारतात, त्या रात्री याच्या उलट करायचं. मागे काळोख, पुतळाही गडद, त्यामुळे मीटर उजेड वाढवतो आणि काळा असुर धुरकट होतो. तिथे मी −१ ठेवतो.

आणखी एक, जरा कळकळीने सांगतो. फोंतेन्हासमध्ये पिवळ्या-निळ्या भिंती पाहून लोक कुणाच्याही पायरीवर बसून फोटो काढतात. ती लोकांची राहती घरं आहेत. दारात कुणी असेल तर आधी विचारा. मी विचारायला लागलो, तेव्हापासून दोन घरांत मला आतून खिडकीचा फोटो काढायला मिळाला. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा तो मऊ उजेड रस्त्यावरून कधीच दिसला नसता.

खाजन

दिवाडीचा अनुभव. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की शेतांतून बांध जातात. "रेषा नजरेला आत नेतात" हे वाचलं होतं, म्हणून मी बांधाचे फोटो काढत सुटलो. सगळे निर्जीव. एका मित्राने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा बांध जातो कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेषा होती, पण तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बांधाच्या कडेकडेने हळूहळू सरकत गेलो. पंधरा-वीस पावलांवर एक जागा सापडली. तिथे गुडघ्यावर बसलं की बांधाचं वळण थेट टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपाशी संपतं. उभं राहिलं तर मधला माड आड येतो. तोच बांध, तीच लेन्स, फक्त पंधरा-वीस पावलं आणि दोन फुटांची उंची. त्यानंतर मी त्या जागी सात-आठ वेळा गेलो असेन. ऑगस्टमध्ये भाताचा हिरवा रंग इतका गडद असतो की चर्च त्यात तरंगल्यासारखं वाटतं. कापणीनंतर शेत पिवळं पडतं आणि बगळे येतात, मग त्या वळणावर एक बगळा पुरतो.

पानवेल

मी फक्त मोबाईलवर काढते, चालेल ना? एकच गोष्ट सांगते. मी झूम करणं सोडलं. डिजिटल झूम म्हणजे तोच फोटो कापून मोठा करणं, मुलांना हे माहीत असतं, मला नव्हतं. आता पुढे चालत जाते. आणि विषयावर बोट दाबून धरलं की फोकस व उजेड तिथेच ठरून राहतात. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या एका गोष्टीने माझे निम्मे फोटो सुधारले.

सांजवेळ

पानवेल, चालेल म्हणजे काय, हवेतच असे अनुभव. बाजारातल्या छपराखाली चेहरे काळे येतात ना? त्यावर काय करतेस, तेही लिही.

पानवेल

ताई, छपराच्या कडेला जिथे सावली संपते, तिथे बसलेली बाई निवडते. तिच्या चेहऱ्यावर बाहेरचा उजेड समोरून पडतो आणि मागे काळोख राहतो. मिरच्यांची, चौरिसांची (गोव्याच्या सॉसेजची) मांडणीही तिथे छान उजळते.

रोमट

शिगम्याबद्दल, म्हणजे फाल्गुनातल्या आमच्या लोकोत्सवाबद्दल लिहायलाच हवं. मिरवणूक संध्याकाळी उशिरा सुरू होते आणि रोमटामेळ (ढोलताशांवर नाचत जाणारं पथक) आपल्यासमोर येईपर्यंत पूर्ण काळोख झालेला असतो. पहिल्या वर्षी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००च्या वर न्यायचा नाही असं ठरवून गेलो, कारण फोटोत दाणे येतात असं ऐकलं होतं. शटर १/२० सेकंदापर्यंत खाली आलं. हात हलला, नाचणारे हलले, दीडशेतला एकही फोटो ठेवण्यासारखा नव्हता. घरी बसून खूप वाईट वाटलं. वर्षभर वाट पाहिलेली असते हो!

दुसऱ्या वर्षी ५० मिमी एफ/१.८ची, जास्त उजेड आत घेणारी लेन्स उसनी आणली, आयएसओ ३२०० केला, शटर १/२५०. दाणे आले, पण चेहरे आले, घाम आला, डोक्याच्या फेट्याचा तुरा आला. दाणे असलेला स्पष्ट फोटो बघता येतो. हललेल्या चेहऱ्याला मात्र नंतर काहीच करता येत नाही.

पण खरी शिकवण पुढची. मी लहानपणी आमच्या गावच्या मांडावर (शिगम्याच्या ठरलेल्या जागी) ढोल वाजवलाय. तिसऱ्या वर्षी कॅमेरा डोळ्याला लावून मी ठेका मोजायला लागलो. "ओस्सय" म्हणताना सगळे एकदम हात उंचावतात आणि ठेक्याच्या एका ठोक्याला पाय हवेत असतात. उंचीच्या टोकाला शरीर निमिषभर थांबल्यासारखं असतं. त्या ठोक्याच्या किंचित आधी बटण दाबलं तर सगळ्या रांगेचे हात एका उंचीवर सापडतात. धडाधड शॉट मारून हे मिळत नव्हतं. आता मी एका मेळाचे पहिली दोन-तीन आवर्तनं नुसती ऐकतो, फोटो काढतच नाही.

चिरेबंदी

रोमटभाऊ, ठेका ऐकण्याचं मला कधी सुचलं नव्हतं. येत्या फाल्गुनात करून पाहतो.

जुना निगेटिव्ह

मी मडगावचा, वय ६८. आमच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो, आणि धुऊन येईपर्यंत काय चुकलं ते कळत नसे. म्हणून मी वहीत प्रत्येक फोटोचं शटर, अॅपर्चर आणि आकाश कसं होतं ते लिहायचो. आता कॅमेरा हे आकडे आपोआप नोंदवतो. मुलांनो, ते उघडून वाचत जा, विशेषतः बिघडलेल्या फोटोचे.

आता रचनेपेक्षा वेगळी, पण गोव्यात टाळता न येणारी गोष्ट. माझी एक सुरेख लेन्स बुरशीने गेली. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवली होती. श्रावणात उघडली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फोटो धुरकट येत होते आणि मी महिनाभर फोकसला दोष देत होतो. चामडं ओल धरतं, अंधार आणि कोंदट हवा बुरशीला हवीच असते. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते भिजलं की कळतं आणि गरम करून पुन्हा वापरता येतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवलाय, काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की मी निश्चिंत. आणि कॅमेरा वापरत राहा. वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते.

खाजन

काका, पहाटे एसी खोलीतून बाहेर काढल्यावर काचेवर वाफ धरते, त्यावर काय करता?

जुना निगेटिव्ह

पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर ठेवायची. काच बाहेरच्या हवेइतकी ऊबदार झाली की वाफ धरत नाही. फडक्याने पुसत बसू नकोस, ती परत येते. त्यापेक्षा रात्रीच कॅमेरा एसी नसलेल्या खोलीत ठेव.

कुळागर

वाळपई. पावसात आमच्या पोफळीच्या बागेइतकी हिरवी जागा नाही, पण फोटोत पानं पांढरट यायची. ओल्या पानांवर आकाश चमकतं, त्याची ती झाक. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून हळूहळू फिरवला आणि डोळ्यांदेखत चमक विझून खालचा हिरवा वर आला. उजेड मात्र दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो आणि कुळागरात तो आधीच कमी. म्हणून ट्रायपॉड लागतोच. वारा असला तर नादच सोडा.

तांबडी सुर्ल्याला मात्र पोलरायझर काढून ठेवते. काळ्या दगडाचं कदंबकालीन देऊळ, तोंड पूर्वेला. सकाळचं तिरपं ऊन कोरीवकामावर आलं की प्रत्येक रेघ उठून दिसते. अकरा वाजता तोच दगड सपाट होतो. मी तिथे तीनदा दुपारी गेले होते.

मीठफूल

शेवटी माझं. मिठागराचे फोटो मी रस्त्यावरून, लांब लेन्सने काढायचे. काम करणाऱ्यांच्या पाठी, भर दुपारचं ऊन, पांढरे ढीग. कोरडे फोटो. चिरेबंदीदादांनी सांगितलेली राखाडी गडबडही होतीच.

एके दिवशी बांधावरून आत गेले आणि तिथल्या आजोबांना विचारलं, इथे फोटो काढले तर चालेल का. ते म्हणाले, "आता कसले काढतेस, सूर्य उतरू दे." साडेपाच वाजता ते दांड्याच्या फळीने मीठ ओढायला लागले. मी सूर्याच्या समोर उभी होते. पाण्यावर सोनेरी पट्टा, फळीच्या पुढे सरकणारी मिठाची ओळ आणि उन्हात चमकणारे कण. इथे मी −१ ठेवला, आजोबांची आकृती काळी होऊ दिली. मग लगेच दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांचा चेहरा काढला, ३५ मिमीवर, चार फुटांवरून. लांब लेन्सने तो चेहरा कधीच मिळाला नसता.

दोन्हींच्या प्रती काढून नेऊन दिल्या. आकृतीचा फोटो त्यांनी बाजूला ठेवला, "यात मी कुठे आहे?" म्हणाले. चेहऱ्याचा लावला भिंतीवर. त्यावर मी बरेच दिवस विचार करतेय.

फेब्रुवारीत पुन्हा मीठ धरायला लागेल. इथलं कुणी येणार असेल तर सांगा, मी त्यांना विचारून ठेवते. बांध अरुंद आहेत, ट्रायपॉड आणू नका.