एअर फिल्टर लाल झाला म्हणजे संपला का?

चिरेखाणीचा रस्ता:
राजापूर तालुक्यात राहतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक. घरापासून हायवेपर्यंत चार किलोमीटर कच्चा रस्ता, वाटेत दोन चिरेखाणी, दिवसभर डंपर चालू. दिवाळीत नवा एअर फिल्टर घातला, त्यावर 9,000 किलोमीटर झाले. परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिकने काढून दाखवला तर लालभडक. म्हणाला, बदलूया. मॅन्युअलमधला बदलायचा आकडा अजून खूप लांब आहे. अ‍ॅव्हरेज पूर्वीइतकंच मिळतंय. बदलू, की कॉम्प्रेसरची हवा मारून भागेल?

पाना-पक्कड, लांजा:
दादा, लालपणावर जाऊ नका. 22 वर्षं गॅरेज चालवतोय. आपल्या जांभ्याच्या धुळीत नवा फिल्टर हजार-दोन हजारातच रंगतो. रंग वरवर चढतो. हवा अडते ती कागदाच्या घड्यांच्या तळाशी धूळ दाबून बसल्यावर. रात्री अंगणातला दिवा बंद करा, फिल्टरच्या एका बाजूला बॅटरी धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. घडीघडीतून उजेड झिरपत असेल तर राहू दे. निम्मा भाग काळोखा दिसला तर बदला.

अ‍ॅव्हरेजवरूनही ठरवू नका. कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जायचं, काळा धूर यायचा. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलही त्या मापाने कमी सोडतो. त्यामुळे आकडा फारसा हलत नाही, पिकअप मात्र पडतो. चार माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढा. पूर्वी जिथे तिसऱ्यावर निघायचात तिथे दुसरा टाकावा लागत असेल, तर फिल्टर काढून बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टर काढलात की डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला ओलं पांढरं फडकं फिरवा. तिथे धूळ नकोच. एक गिऱ्हाईक आलं होतं, फिल्टर नवाकोरा, पण बसवताना कडेचं रबर एका कोपऱ्यात दुमडलेलं. थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाइपात बोट घातलं तर कुंकवासारखी धूळ बोटाला आली. तेवढ्याशा फटीतून ती महिनोन् महिने आत जात होती. अशी धूळ पिस्टनच्या रिंगा नि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासते, मग ऑइल जळायला लागतं. चोंदलेला फिल्टर गाडी मंद करतो, पण गळका फिल्टर इंजिन खातो.

कॉम्प्रेसर मारू नका. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. पाण्याने तर धुऊच नका. फार तर हलक्या हाताने आपटून सुटी धूळ झाडा. आणि दर आठवड्याला उघडूही नका, थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा बारीक गाळतो.

मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी बहुतेक वेळा वेगळी सूचना असते, ती शोधा. तुमच्या रस्त्याला मी दर मे अखेरीस, मृगाच्या आत, बघायला सांगेन. उन्हाळाभर साठलेली धूळ पावसाळी दमट हवेत चिकटते, मग झाडून निघत नाही.

वाशिष्ठीकाठ:
पावसाचा विषय निघालाच आहे म्हणून. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर भाऊ किल्ली फिरवायला निघाला, मी अडवलं. डबा उघडला, फिल्टर भिजून लगदा झालेला. म्हणजे पाणी पुढे सिलिंडरपर्यंत गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, अशा वेळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही टो करूनच नेली. फिल्टर ओला दिसला तर किल्लीला हात लावू नका.

गुहागरकर:
एक चेक करा: मेकॅनिकने दाखवला तो इंजिनाचाच फिल्टर ना? एसीचा वेगळा असतो, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. माझ्या बायकोला एकदा एसीचा दाखवून इंजिनाचा म्हणून सांगितलं होतं.

चिरेखाणीचा रस्ता:
इंजिनाचाच आहे. काल रात्री आईने बॅटरी धरली, मी बघितलं. वरच्या भागातून उजेड येतो, खालचा तिसरा हिस्सा पूर्ण काळोखा. काका, तुमच्या हिशेबाने अजून चालला असता. पण पांढरं फडकं फिरवलं तर मागच्या कोपऱ्यात गुलाबी झालं, आणि रबर तिथेच चेपलेलं. डब्याच्या तळाशी कुरतडलेली काजूची बी सापडली, म्हणजे उंदीरही येऊन गेलाय. आज नवा आणला, तीनशेच्या आत मिळाला. रबर चारी बाजूंनी बोट फिरवून बसवलं. पाइपात बोट घातलं, तिथे धूळ नाही.

पाना-पक्कड, लांजा:
पाइप कोरडा नि स्वच्छ आहे ना, मग वेळेत सापडलं. महिन्याने तोच कोपरा पुन्हा फडक्याने बघा. आणि हवा ओढायच्या तोंडाशी उंदराने गवत कोंबलंय का, तेही.