न्यू जर्सी २०२६: डेमोक्रॅट नवावरून दहावर जातील का?

रॅरिटनकाठी
नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट मिकी शेरिल गव्हर्नरपदी निवडून आल्या, तेही रिपब्लिकन जॅक चिटारेलींना सुमारे १४ टक्क्यांनी मागे टाकून. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर २०२६ च्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) जागा वाटून झाल्यासुद्धा. राज्यात जागा बारा. २०२४ मध्ये डेमोक्रॅटांना नऊ मिळाल्या, रिपब्लिकनांना तीन. (शेरिल यांनी गव्हर्नरपदासाठी सोडलेल्या अकराव्या मतदारसंघाची पोटनिवडणूक १६ एप्रिल २०२६ ला. ती जाईल असं मला वाटत नाही.)

माझा अंदाज दहाचा. रिपब्लिकनांच्या तीनपैकी दुसऱ्या मतदारसंघात व्हॅन ड्रू आणि चौथ्यात ख्रिस स्मिथ पक्के बसलेत. स्मिथ तर १९८१ पासून तिथे आहेत, त्यांना हलवायला लाट नाही, भूकंप लागेल. उरतो सातवा, टॉम केन ज्युनियर यांचा. तोच डेमोक्रॅट घेतील. २०२२ हे साल रिपब्लिकनांना अनुकूल होतं, नकाशाही नुकताच केन यांच्या सोयीचा झाला होता, तरी तेव्हाचे डेमोक्रॅट खासदार मॅलिनोव्स्की यांच्यावर ते तीन टक्क्यांहून कमी फरकाने निघाले. वारा पाठीशी असताना एवढंच, तर समोरून आल्यावर काय?

आकडेमोड्या
गव्हर्नरच्या निकालावरून काँग्रेसचं भाकीत करायची खोड आधी सोडा. २००५ मध्ये डेमोक्रॅट कॉर्झाइन गव्हर्नरपदाला दहाएक टक्क्यांनी जिंकले. पुढच्या वर्षी देशभर डेमोक्रॅटांची लाट आली, सभागृह हातात आलं, आणि न्यू जर्सीत एकही जागा हलली नाही. याच सातव्यात डेमोक्रॅट लिंडा स्टेंडर थोडक्यात पडल्या. उलट बाजूही बघा. २०१३ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस्टी २२ टक्क्यांनी आले. २०१४ मध्ये रिपब्लिकनांना इथे एक जागा वाढली नाही, सहा-सहा होतं ते सहा-सहाच राहिलं. गव्हर्नर निवडताना माणूस प्रॉपर्टी टॅक्स आणि विजेचं बिल बघतो. काँग्रेसला वेगळं बघतो.

पारसिपनीची_सून
आकडेमोड्या, २०१७ सोयीस्करपणे गाळलंत! डेमोक्रॅट मर्फी गव्हर्नरपदाला १४ टक्क्यांनी जिंकले, अगदी शेरिल यांच्याइतकेच. वर्षभराने डेमोक्रॅट सातावरून अकरावर गेले. दुसरा, तिसरा, सातवा, अकरावा, चारही एका रात्रीत. तेव्हाही व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्पच होते. २००५-०६ पेक्षा हे उदाहरण जवळचं नाही का?

आकडेमोड्या
जवळचं आहे, पण नकाशा वेगळा होता. हा मुद्दा कोणी घेत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मतदारसंघ आखायला इथे तेरा जणांचा आयोग असतो: सहा यांचे, सहा त्यांचे, आणि तेरावा पंच. डिसेंबर २०२१ मध्ये पंच होते निवृत्त न्यायमूर्ती जॉन वॉलेस. त्यांनी डेमोक्रॅटांचा नकाशा उचलला. कारण काय दिलं, तर मागच्या खेपेला रिपब्लिकनांचा घेतला होता! (आळीपाळीने गणपतीची आरती करावी तसं. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना नीट खुलासा करायला लावला.)

त्या नकाशात डेमोक्रॅटांनी आपल्या गॉटहायमर, किम आणि शेरिल या खासदारांची घरं शाकारून घेतली, आणि पाणी सोडलं मॅलिनोव्स्कींच्या अंगणात. रिपब्लिकन मतं सातव्यात ढकलली. म्हणजे सातवा मतदारसंघ डेमोक्रॅटांनी स्वतःच्या हाताने दिलेला आहे. २०१८ चा सातवा आणि आजचा सातवा यांचं नाव एक, जमीन वेगळी.

रॅरिटनकाठी
पाणी सोडलं, कबूल. पण किती? नव्या सीमांनी मोजलं तरी २०२० मध्ये बायडन तिथे चारेक टक्क्यांनी पुढे होते. २०२४ मध्ये ट्रम्प थोडक्यात पुढे गेले. असा काठावरचा मतदारसंघ दिला असं म्हणत नाहीत, गहाण ठेवला म्हणतात.

हंटरडनचा_शेतकरी
मी सातव्यातच राहतो. शेती नाही, नाव हौसेने घेतलंय. तुम्ही सगळे एडिसन-पारसिपनीत बसून आमची जागा वाटताय. एडिसन सहाव्यात, तिथे डेमोक्रॅट पॅलोन डोळे मिटून निघतात. पारसिपनी अकराव्यात. आमच्यात अख्खी हंटरडन आणि वॉरेन काउंटी येते, शिवाय ससेक्स, मॉरिस, सॉमरसेट, युनियनचे तुकडे. युनियनमधल्या वेस्टफील्डचा रेल्वेने न्यूयॉर्कला जाणारा वकील आणि वॉरेनचा मका लावणारा, दोघांचा खासदार एकच. मतदार नोंदणीत रिपब्लिकन पुढे आहेत.

दुसरं म्हणजे केन हे आडनाव. वडील थोरले टॉम केन दोनदा गव्हर्नर, नंतर ९/११ आयोगाचे अध्यक्ष. आमच्याकडचे म्हातारे डेमोक्रॅटसुद्धा त्यांचं नाव आदराने घेतात. २०२४ मध्ये डेमोक्रॅट सू ऑल्टमन यांना केन यांनी पाचेक टक्क्यांनी हरवलं, म्हणजे ट्रम्प यांच्यापेक्षा ते इथे सरस चालले. ट्रम्प नको पण केन चालेल म्हणणारी माणसं माझ्या गल्लीत आहेत. त्यांना तुम्ही लाटेत धरता, ती लाटेत नाहीत.

पारसिपनीची_सून
वडिलांच्या पुण्याईवर किती वर्षं? हेच केन याच आडनावानिशी २०२० मध्ये मॅलिनोव्स्कींकडून एक टक्क्याने हरले होते. आणि जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या कर-विधेयकाला त्यांनी मत दिलं, ज्यात मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला) कात्री आहे. त्याचा हिशेब कोणी विचारू नये म्हणून की काय, खुली सभा घेत नाहीत ही तक्रार तर जुनीच.

हंटरडनचा_शेतकरी
त्याच विधेयकात राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा १० हजार डॉलरवरून ४० हजारांवर गेली, हे सांगायचं राहिलं वाटतं. माझा प्रॉपर्टी टॅक्स एकटाच दहा हजारांच्या वर जातो. २०१७ च्या कायद्याने ती मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये इथल्या रिपब्लिकनांना त्याचाच फटका बसला. या वेळी केन घरोघर जाऊन सांगणार, मी सोडवून आणली. एप्रिलमध्ये रिटर्न भरताना लोकांना ते दिसेल.

रॅरिटनकाठी
शेतकरीबुवा, हा मुद्दा चांगला आहे, मी तो कमी धरला होता. पण त्याच्या शेजारी न्यूयॉर्कला जाणारा गेटवे रेल्वे बोगदा ठेवा. हडसनखालचा जुना बोगदा शंभरी ओलांडलेला, नव्याचं काम चालू, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी प्रकल्प संपवल्याचं जाहीर करून टाकलं. रॅरिटन व्हॅली लाइनवर रोज उभ्याने जाणारा माणूस वर्षातून एकदा रिटर्न भरतो. गाडी मात्र रोज चुकते.

एडिसनची_मावशी
तुम्ही सगळे सातव्यावरच अडकलात. मला नवव्याची धास्ती आहे. पॅटरसन, क्लिफ्टन, पॅसेइक, पिढ्यान्‌पिढ्यांचे डेमोक्रॅट मतदार. २०२४ मध्ये तिथले डेमोक्रॅट खासदार पॅस्क्रेल ऑगस्टमध्ये वारले, नेली पू ऐनवेळी उभ्या राहिल्या आणि जेमतेम पाच टक्क्यांनी आल्या. वर ट्रम्प यांनी तो मतदारसंघ घेतला! एक मिळवायच्या नादात दारातली जाईल.

आकडेमोड्या
मावशी, तिथे मी उलट्या बाजूला आहे. पॅसेइक काउंटी २०२४ मध्ये ट्रम्प यांना गेली, पण २०२५ च्या नोव्हेंबरात शेरिल यांच्याकडे परत आली. ती मतं पक्षाची नव्हती, रागावलेली होती. नववा राहील. पण म्हणून दहा होत नाहीत, मी नवावरच ठाम आहे.

पुण्यातून_बघतोय
बाहेरचा आहे, पण राहवत नाही. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, आणि आमच्या कट्ट्यावर विधानसभेची मंत्रिपदं वाटून झाली. नोव्हेंबरात महायुती २८८ पैकी २३० च्या वर गेली. पाच महिने. तुमच्याकडे तर दोन निवडणुकांमध्ये अख्खं वर्ष आहे.

पारसिपनीची_सून
पुणेकर, टोमणा पोचला. पण आमच्याकडे मध्यावधीला (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधल्या निवडणुकीला) लाडकी बहीण नसते हो. अध्यक्षाचा पक्ष बहुतेक वेळा मार खातो, एवढं साधं आहे. मी अकरावर आहे. व्हॅन ड्रूसुद्धा. हसा.

रॅरिटनकाठी
हसलोच. २०२२ मध्ये जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी आलेला माणूस आहे तो. डेमोक्रॅट म्हणून निवडून आला, वर्षभरात पक्ष बदलला आणि तरी टिकला. तिथे पैसे घालवण्यापेक्षा सातव्यात घाला.

हंटरडनचा_शेतकरी
सातव्यात घाला, पण कोणावर? प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, जून २०२६ मध्ये, इच्छुकांची रांग लागलीय. पूर्वी काउंटीच्या पुढाऱ्यांनी ज्याला ‘लाइन’ दिली त्याचं नाव मतपत्रिकेवर मोक्याच्या जागी यायचं, की काम झालं. अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च २०२४ मध्ये डेमोक्रॅट प्रायमरीपुरती ती पद्धत न्यायाधीशांनी मोडली. लोकशाहीला बरं झालं, पण आता कोण निघेल सांगता येत नाही. मवाळ उमेदवार निघाला तर मी माझे शब्द गिळीन. डावीकडचा निघाला तर केन परत पाच टक्क्यांनी.

एडिसनची_मावशी
आणि आपली मतं? आमच्या रस्त्यावर मराठी घरं सात, मतदार तीन घरांत. बाकी एच-वन-बी नाहीतर ग्रीन कार्डच्या रांगेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आलं तेव्हा सगळ्यात जास्त बोलले ते हेच, ज्यांना मत नाही.

हंटरडनचा_शेतकरी
माझ्याकडे आहे. दोन मतं, बायकोचं धरून. २०२४ ला एक केन यांना गेलं, एक ऑल्टमन यांना. कोणाचं कुठे, ते विचारू नका.

रॅरिटनकाठी
वहिनींना इथे लिहायला सांगा.